मधुमेही माणसाचे ताट
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



मधुमेहावर बोलण्याचा खरा अधिकार डॉक्टरांचा. मी शाळामास्तर आहे, तेव्हा औषधांविषयी सल्ला देण्याच्या भरीस मी पडणार नाही. पण ताटात काय आणि किती वाढावे, हा हिशेब आठवीच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखा आहे. तोच हिशेब घरोघरी चुकतो, म्हणून हे चार शब्द.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. हा केवळ श्रीमंतांचा किंवा लठ्ठ माणसांचा आजार नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. म्हणजे वरून सडपातळ दिसणाऱ्या माणसानेही गाफील राहू नये.

आता आहाराकडे वळू. आपल्या अन्नात ऊर्जा देणारे तीन मुख्य घटक असतात : पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ. पहिल्या दोहोंच्या 1 ग्रॅमपासून 4 कॅलरी मिळतात, स्निग्ध पदार्थांच्या 1 ग्रॅमपासून 9. जेवणानंतर रक्तातील साखर सर्वांत जास्त वाढवतात ते पिष्टमय पदार्थ. घरात कोणाला मधुमेह निघाला की आपण चहातली साखर बंद करतो आणि त्याच फिक्या चहात दोन पाव बुडवून खातो! 30 ग्रॅम पिठाच्या एका चपातीत सुमारे 20 ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. एका पावातही साधारण तेवढेच. चार चपात्या आणि वर भात झाला, की शंभर ग्रॅमचा आकडा एकाच जेवणात ओलांडला जातो.

"मग आम्ही बाजरीची भाकरी खातो," असे कोणी म्हणेल. भाकरी मैद्याच्या पावापेक्षा नक्कीच चांगली, कारण तिच्यात तंतू अधिक. पण वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच पाहणीतील आहाराचा भाग 2025 साली प्रसिद्ध झाला, त्यात दिसले की भारतीय माणसाच्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे 62 टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते आणि प्रथिनांतून फक्त 12 टक्के. नुसते धान्य बदलून, एकूण प्रमाण तेच ठेवून, मधुमेहाचा धोका कमी होताना दिसला नाही. भाकरी कोणती, याइतकेच भाकरी किती, हेही महत्त्वाचे.

मग प्रमाण किती असावे? साधारणपणे 50 ते 55 टक्के पिष्टमय, 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि उरलेले स्निग्ध, असे धरून चालू. 1600 कॅलरी घेणाऱ्या माणसाचा हिशेब फळ्यावर मांडला तर 220 ग्रॅम पिष्टमय, 80 ग्रॅम प्रथिने आणि 44 ग्रॅम स्निग्ध पदार्थ येतात. घरी तराजू घेऊन बसण्याची गरज नाही. अर्धे ताट भाजी आणि काकडी-मुळ्याने भरा; मेथी, दोडका, दुधी, गवार, कोबी, जे स्वस्त असेल ते. पाव ताट डाळ, अंडी, मासे, कोंबडी किंवा चणे. उरलेल्या पाव भागात चपाती किंवा भात. बटाटा भाजीत न धरता भाताच्या बाजूला धरावा. तेल माणशी दिवसाला चार लहान चमचे पुरे. पाच माणसांच्या घरात महिन्याला सुमारे 3 लिटर. सालनावर तरंगणारा तवंग हाच हिशेब बिघडवतो.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आपल्या घरांत अम्मी सर्वांत शेवटी जेवते. गोश्ताचे तुकडे पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात गेलेले असतात. तिच्या वाट्याला उरते तवंगाचा रस्सा, शिळी चपाती आणि तळाचा भात. म्हणजे पीठ आणि तेल भरपूर, प्रथिने जवळजवळ नाहीत. मधुमेह तिला असला तरी ताट तेच! तिला गोळ्या आणून दिल्या म्हणजे आपले कर्तव्य संपले नाही. दोन अंड्यांत 12 ग्रॅम प्रथिने असतात, मूठभर चण्यांत 6. एवढे तिच्यासाठी आधी बाजूला काढून ठेवणे कोणत्याही घराला अवघड नाही.

रमजानविषयीही बोलले पाहिजे. मधुमेही व्यक्तीने रोजे धरण्याआधी महिना-दीड महिना डॉक्टरांना भेटावे. इफ्तारला एखाद-दुसरा खजूर आणि पाणी घ्यावे. सरबत व भज्यांचा ढीग टाळावा. सहेरीला नुसता चहा-पाव न घेता अंडे, डाळ किंवा दही घ्यावे. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे वैद्यक सांगते. आजारी माणसाला सवलत तर दीननेच दिली आहे.

दोन इशारे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना चपात्या एकदम निम्म्या केल्या तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून औषधाचे प्रमाण आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. आणि ज्यांच्या मूत्रपिंडावर परिणाम झाला आहे, त्यांनी स्वतःच्या मनाने प्रथिने वाढवू नयेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक गृहपाठ. आज रात्री घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्याच्या ताटात काय पडले, ते पाहा आणि वहीत तीन रकाने करून लिहा. प्रथिनांचा रकाना रिकामा निघाला, तर उद्या ते ताट सर्वांच्या आधी वाढा. रुग्णासाठी वेगळा स्वयंपाक नको. जे ताट त्याला चांगले, तेच साऱ्या घराला चांगले.