रक्तगट आणि करोना : भय कितपत रास्त?

(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही वैद्य नव्हे. उभा जन्म मुलांना गणित व सामान्य विज्ञान शिकविण्यात गेला आणि आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. तथापि आजचा विषय पुष्कळसा आकड्यांचा आहे, व ज्यास त्रैराशिक येते त्यास तो समजण्यास अडचण पडू नये.

आपल्या वधूवर सूचीत प्रत्येक स्थळापुढे रास, नाडी व गोत्र यांच्या जोडीला ‘रक्तगट’ असा एक रकाना असतो. करोनाच्या साथीनंतर या रकान्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली आहे. ‘ए’ गटाच्या माणसास हा रोग लवकर जडतो असे कोणी सांगितले, म्हणून एका घरी मुलीची ठरत आलेली बोलणी थांबली. दुसऱ्या घरी ‘आमचा गट ओ, आम्हांस काय भय?’ असे म्हणून कर्त्या पुरुषाने लस घेण्याचे टाळले. एकीकडे नाहक भीती, दुसरीकडे नाहक निर्धास्तपणा. आणि दोहोंचे मूळ एकाच अर्धवट ऐकलेल्या वार्तेत! ती वार्ता मुळात काय होती, हे पाहू.

व्हिएन्ना येथील शास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला; पुढे १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातील तांबड्या पेशींवर शर्करेच्या सूक्ष्म खुणा असतात. एक खूण असेल तर ‘ए’, दुसरी असेल तर ‘बी’, दोन्ही असतील तर ‘एबी’, आणि दोहोंपैकी एकही नसेल तर ‘ओ’. जी खूण आपल्या रक्तात नाही, तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये मात्र आपल्या रक्तात असतात.

आता करोनाकडे वळू. मार्च २०२० मध्ये चीनमधील वुहान व शेन्झेन येथील तीन रुग्णालयांतील २,१७३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. वुहानच्या सर्वसाधारण लोकांत शेकडा सुमारे ३२ ‘ए’ व ३४ ‘ओ’ गटाचे होते. तेथील एका रुग्णालयातील रुग्णांत शेकडा सुमारे ३८ ‘ए’ व २६ ‘ओ’ आढळले. जून २०२० मध्ये इटली व स्पेन येथील अत्यवस्थ रुग्णांच्या गुणसूत्रांची तपासणी झाली, आणि तीतही नवव्या गुणसूत्रावरील रक्तगट ठरविणाऱ्या भागाचा संबंध दिसून आला. म्हणजे वार्ता अगदीच निराधार नव्हती.

याची कारणे काय असावीत? ‘ओ’ गटाच्या रक्तात ‘ए’ व ‘बी’ या दोन्ही खुणांविरुद्ध प्रतिद्रव्ये असल्याने, त्या खुणा घेऊन आलेल्या विषाणूस काही अटकाव होत असावा, हा एक तर्क. ‘ओ’ गटात रक्त गोठविणारे काही घटक थोडे कमी असतात, हा दुसरा. पुढे २०२३ साली प्रयोगशाळेत असेही दिसले की, विषाणूचा काटेरी भाग ‘ए’ गटाच्या शर्करेस चिकटू शकतो.

परंतु संबंध असणे निराळे, आणि तो संबंध मोठा असणे निराळे. डेन्मार्कमध्ये ४,७३,६५४ लोकांच्या तपासणीचा हिशेब ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७,४२२ जणांस लागण झाली होती. सर्वसाधारण लोकांत हजारी ४१७ ‘ओ’ गटाचे. लागण झालेल्यांत हजारी ३८४. फरक हजारी ३३ चा! ‘ओ’ गट हे चिलखत असते, तर त्या यादीत ‘ओ’ गटाचे सुमारे २,८५० लोक आलेच नसते. शिवाय रुग्णालयात दाखल होणे किंवा मृत्यू येणे, यांचा रक्तगटाशी संबंध तेथे आढळला नाही. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेतील युटा, आयडाहो व नेवाडा या राज्यांतील एक लाखाहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत तर लागण होण्याशीही रक्तगटाचा संबंध दिसला नाही.

तात्पर्य हे की, लाखो लोकांच्या गणतीत कोठे दिसणारा व कोठे न दिसणारा हा फरक एका माणसाचे भवितव्य सांगण्यास निरुपयोगी आहे. वय, मधुमेह, रक्तदाब, कोंदट जागेतील गर्दी आणि लस घेतली की नाही, या गोष्टींचे पारडे याहून कितीतरी जड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण त्यामुळे रोग नाहीसा झाला असे नव्हे.

आणखी एक गोष्ट ज्ञातिसभेच्या व्यासपीठावरून बोलणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. ‘आपले रक्त’ हा शब्द आपण अभिमानाने उच्चारतो. पण ‘ए’ गटाचा पिता व ‘बी’ गटाची माता यांच्या पोटी चारही गटांची मुले जन्मू शकतात. सख्ख्या भावाचे रक्त बहिणीस चालत नाही आणि परक्या ज्ञातीच्या, परक्या धर्माच्या माणसाचे चालते. १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक अतिशय विरळा गट शोधून काढला. तो जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. साध्या तपासणीत तो ‘ओ’ भासतो, परंतु त्या रुग्णास ‘ओ’ गटाचेही रक्त चालत नाही. त्याच गटाचा दाता शोधावा लागतो. अशा वेळी दात्याचे गोत्र कोण विचारील?

म्हणून आमची सभेस नम्र सूचना आहे. रक्तगटाचा रकाना अवश्य ठेवावा. पण त्यास पत्रिकेतील नवा मंगळ करू नये. त्यावरून मुलीस नाकारू नये व त्याच्या भरवशावर औषधोपचारात हयगय करू नये. सभेने रक्तदात्यांची एक वही घालावी, आणि ती गरजवंतास, मग तो कोणीही असो, खुली ठेवावी. त्या रकान्याचा खरा उपयोग तोच होय.