न दिसणाऱ्या प्रकाशातले तारे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी दरसाल कोणी स्वयंपाकावर बोलते, कोणी बालसंगोपनावर. यंदा मी ‘तारे’ हा विषय सांगितला, तेव्हा दोघीतिघी हसल्या. सातवी शिकलेल्या बाईला ताऱ्यांचे काय, असे त्यांना वाटले असेल. पण उन्हाळ्यात धाब्यावर बाज टाकून जिने लेकरे निजवली, तिच्याइतके तारे दुसऱ्या कोणी पाहिले असतील? माझी मुलगी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकते. तिने जे समजावून दिले तेच मी आपल्या भाषेत सांगते.

अंधाऱ्या रात्री आकाशगंगेचा पांढुरका पट्टा आपण पाहतो. वृश्चिकाच्या नांगीजवळ, धनु राशीच्या बाजूला, या आपल्या तारकाविश्वाचा मध्य आहे. तेथून प्रकाशाला आपल्याकडे यायला सुमारे २६,००० वर्षे लागतात. तेथे ताऱ्यांची नुसती दाटी आहे. मग ती बाजू लखलखीत का दिसत नाही? तर मधे धूळ आहे. हमरस्त्यावर ट्रक फुफाटा उडवून गेला की पलीकडचे दिवे दिसेनासे होतात, तसेच हे. या आकाशातल्या बारीक धुळीत निळा प्रकाश फार अडतो, तांबडा त्याहून कमी अडतो, आणि तांबड्याच्याही पलीकडचा प्रकाश बराचसा पार होऊन येतो.

तांबड्याच्या पलीकडचा म्हणजे कोणता? चुलीवरून उतरवलेला तवा काळाच दिसतो, पण हात जवळ नेला की धग लागते. ती धग म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाशच होय. पुस्तकात त्याला अवरक्त म्हणतात. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली उन्हाचे रंग वेगळे केले आणि तांबड्या रंगाच्या पुढे, जेथे काहीच दिसत नव्हते तेथे तापमापक ठेवला. पारा चढला! टीव्हीच्या रिमोटमधूनही असाच प्रकाश निघतो. रिमोटचे तोंड मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पुष्कळ मोबाईलांत जांभळट ठिणगी दिसते.

आता वर्णपटलेखक. नाव जड आहे, काम समजण्यासारखे आहे. इंद्रधनुष्यात जसा उन्हाचा पट्टा पसरतो, तसा हे यंत्र एकेका ताऱ्याचा प्रकाश पसरवते. त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा असतात. लोहाच्या रेघा लोहाच्या ठरलेल्या जागी, मॅग्नेशियमच्या मॅग्नेशियमच्या जागी. रेघा वाचल्या की ताऱ्यात काय काय आहे ते कळते. त्या किंचित सरकलेल्या असल्या तर तारा आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे, हेही कळते.

असे एक अवरक्त प्रकाशाचे यंत्र आपल्या मुंबईतल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झाले. त्याचे नाव टिर्स्पेक. २०१३ च्या जूनमध्ये ते लडाखमधील हानले येथे, ४,५०० मीटर उंचीवर, दोन मीटर आरशाच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीला जोडण्यात आले. इतक्या उंचावर का? हवेतली वाफ हा प्रकाश शोषून घेते, आणि तेथली हवा विरळ व कोरडी आहे. ही दुर्बीण बंगळूरजवळच्या होसकोटे येथे बसून उपग्रहामार्फत चालवतात. यंत्राचे अंतरंग द्रवरूप नायट्रोजनने गारठवलेले असते. हा नायट्रोजन शून्याखाली १९६ अंशांवर उकळतो, एवढा थंड! आपल्याला स्वतःला ताप असला तर लेकराच्या कपाळावर हात ठेवून त्याचा ताप कळत नाही. यंत्राचेही तसेच आहे. ते ऊबदार राहिले तर स्वतःचीच धग मोजत बसेल.

सगळ्या तारकाविश्वाची शिरगणती करायची तर पसारा मोठा लागतो. अमेरिकेत न्यू मेक्सिको येथे २०११ पासून अपोजी नावाच्या यंत्राने आणि चिली देशात २०१७ पासून त्याच्या जुळ्या भावंडाने ते काम केले. एका वेळी ३०० तारे! ॲल्युमिनियमच्या मोठ्या थाळीला ताऱ्यांच्या जागी भोके पाडायची आणि प्रत्येक भोकात काचेचा बारीक तंतू हाताने बसवायचा, अशी सुरुवातीची रीत होती. पुढे ते काम यंत्रांकडे गेले. अशा रीतीने सहा लाखांवर तारे वाचून झाले.

शेजारच्या एक आजी मला म्हणाल्या, “नळाला पाणी नाही बाई, आणि तुला ताऱ्यांची मोजदाद सुचते!” आजींचे म्हणणे खोटे नाही. या यंत्राने हंडा भरत नाही. पण आरोग्य केंद्रातून गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या मिळतात, ते लोह मुळात कोठले? ताऱ्यांच्या पोटात आणि ताऱ्यांच्या स्फोटात घडलेले. आपल्या रक्तातले लोह, हाडांतला चुना, सारे तेथलेच. कोणत्या ताऱ्यात ते किती आहे हे ही यंत्रे मोजतात, आणि त्यावरून आपले तारकाविश्व कसकसे घडत गेले याचा माग लागतो. आपल्या माहेराची चौकशी करणे याला रिकामा उद्योग कोण म्हणेल?

शेवटी हानलेच्याच बायांची गोष्ट. २०२२ साली तो सारा परिसर अंधाऱ्या आकाशाचा राखीव प्रदेश म्हणून जाहीर झाला. गावातल्या लोकांना दुर्बिणी देऊन तारे दाखवायचे शिक्षण दिले गेले. त्यांत बायकाही आहेत. आलेल्या पाहुण्यांना त्या आकाश दाखवतात आणि घराला चार पैसे मिळवतात. त्या काही मोठ्या शहरातल्या नव्हेत, आपल्यासारख्याच खेड्यातल्या आहेत.

म्हणून मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. वैशाखातल्या अमावास्येला वडनेरमध्ये आपण आपापल्या अंगणातले दिवे तासभर मालवावेत आणि शाळेतल्या मुलींना आकाशगंगा दाखवावी. आणि ज्या मुलीला दहावीनंतर विज्ञान घ्यायचे असेल, तिला “बाईला कशाला हवे?” असे आपल्यापैकी कोणी म्हणू नये. तिची फी किंवा बसभाडे अडले तर मंडळाच्या पेटीतून मदत व्हावी. ठराव आजच मांडावा, अशी अध्यक्षीणबाईंना माझी विनंती आहे.