मॉरिशसला जाणाऱ्या ज्ञातिबांधवांस

(मंडळाच्या विश्रांतवाडी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील कुटुंबे अलीकडे सहलीसाठी मॉरिशसला जाऊ लागली आहेत. लोहगावचा विमानतळ उशाशी असल्यामुळे विश्रांतवाडीकरांस विमानाचे अप्रूप उरलेले नाही. तथापि हे विमान मुंबईहून धरावे लागते, आणि सहा-साडेसहा तासांनी ते जेथे उतरते तो सारा देश आपल्या पुणे जिल्ह्याच्या आठव्या हिश्श्याएवढा आहे. घड्याळ तेथे दीड तास मागे घ्यावे. भारतीय पारपत्रधारकास सहलीसाठी आगाऊ व्हिसा लागत नाही. परतीचे तिकीट, निवासाची सोय व खर्चाची तरतूद मात्र दाखवावी लागते. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी वकिलातीकडे खात्री करून घ्यावी.

ऋतू उलटे आहेत हे प्रथम ध्यानी घ्यावे. आपल्याकडे वैशाखवणवा पेटलेला असतो तेव्हा तेथे थंडीची चाहूल लागते. म्हणून मुलांच्या मे महिन्याच्या सुटीत जाणे सोयीचे. जानेवारी ते मार्च हे तुफानांचे दिवस. इशारे चढत्या क्रमाने चार असतात. तिसरा झाला की व्यवहार बंद होतात. अशा वेळी हॉटेलाबाहेर डोकावण्याची हौस करू नये.

सामानाविषयी दोन गोष्टी. उसाचे कांडे तेथे मुळीच नेता येत नाही, आणि फळे, रोपे, बियाणे परवान्यावाचून नेता येत नाहीत. उसावर जगलेल्या बेटाला रोगाचे भय असणे स्वाभाविक आहे. आंब्याच्या पेटीचा मोह आवरावा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. झोपेच्या गोळ्या व जालीम वेदनाशामके यांवर तेथे कडक निर्बंध असून त्यांस पूर्वपरवानगी लागते. वडीलधाऱ्यांच्या औषधांबरोबर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी न्यावी आणि कोणते औषध चालते याची चौकशी घरूनच करावी.

बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाचा कठडा आहे. त्याच्या आतले पाणी शांत. परंतु दक्षिणेस ग्री-ग्री येथे तो कठडा नाही आणि समुद्र थेट अंगावर येतो. तेथे पाण्यात उतरू नये. इतरत्रही पायांत रबरी जोडे असावेत, कारण काटेरी जलचर पायाखाली येतात. शंख व प्रवाळ गोळा करून आणू नयेत. त्यास बंदी आहे.

खेड्यांतील बसगाड्या तिन्हीसांजेलाच थांबतात. टॅक्सीचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. पोर्ट लुई ते क्यूरपीप अशी विजेची गाडी २०२२ पासून पुरी धावू लागली आहे. तिने जाणे स्वस्त पडते. शाकाहारी मंडळींनी रस्त्यावर मिळणारी ‘धोल पुरी’ निःशंक मागावी, मात्र सोबतच्या रश्श्यात काय आहे ते विचारावे. ही पुरी म्हणजे गुळावाचून राहिलेली पुरणपोळीच होय. महाशिवरात्रीच्या सुमारास गेल्यास गंगा तलावाकडे कावडी घेऊन पायी निघालेले सहस्रावधी लोक दिसतील. आळंदी रस्त्यावरून माउलींची पालखी जाताना जी वाहतुकीची स्थिती होते तीच तेथे होते. त्या दिवसांत विमानतळ गाठण्यास भरपूर वेळ हाताशी ठेवावा.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो ती सांगतो. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून गिरमिटावर तेथे उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरीकडील मराठी माणसेही होती. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, ज्यास २००६ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तो अवश्य पाहावा; सोळाच पायऱ्या आहेत, पण चढताना पाय जड होतात. त्यांचे वंशज आज घरी क्रिओल बोलतात. तरी शाळांतून मराठी शिकवली जाते, गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते आणि कोकणची जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने नाचली जाते.

अशा घरी आपणांस चहाला बोलावतील. तेथे ‘तुमची जात कोणती, पोटजात कोणती’ असे विचारू नये. ज्ञातीच्या व्यासपीठावरून आम्ही हे सांगावे याचे काहींस नवल वाटेल. परंतु एका जहाजातून, एका पंगतीत जेवून गेलेल्या माणसांच्या नातवंडांस हा प्रश्न अपमानाचा वाटतो, आणि ते योग्यच आहे. आडनावावरूनही तर्क बांधू नये. कित्येकांचे आडनाव म्हणजे कारकुनाने लिहून घेतलेले पणजोबांचे नुसते नाव आहे.

विचारायचे ते गाव विचारावे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची दफ्तरे जतन केलेली आहेत; कित्येकांची छायाचित्रेही आहेत. वंशजांस त्यांतून नाव, वय, जिल्हा मिळतो. गाव मात्र अशा इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असते की कोकण न पाहिलेल्यास ते ओळखता येत नाही. येथे आपला उपयोग होऊ शकतो. तो कागद कोणी दाखविल्यास अक्षरे जशीच्या तशी उतरून घ्यावी, खाली तालुक्याचा अंदाज देवनागरीत लिहावा आणि परतल्यावर मंडळाच्या चिटणिसांकडे द्यावा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग व सातारा येथील आपली मंडळी गावोगावी चौकशी करतील. नाते सापडेलच असे आश्वासन कोणी देऊ नये. पत्राचे उत्तर मात्र, गाव सापडो वा न सापडो, धाडावे.