भरतीचे गणित आणि हजेरीचे पुस्तक



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, रद्दीतून आणलेल्या पुस्तकांवर. तेव्हा ‘नोंदींवरून हलत्या व्यवस्थेचा नियम कसा ओळखावा’ हा भारदस्त विषय माझ्या गळ्यात का घातला, हे चिटणीसांनाच ठाऊक. मी तो समुद्रावर नेणार आहे, कारण माझे आयुष्य तेथे गेले.

आपल्या कोळी बांधवांचे जुने सूत्र आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. मुंबईच्या किनाऱ्यावर भरती सहाच्या सुमारास. यात नशिबाला जागा नाही. चंद्र अमुक ठिकाणी, म्हणून पाणी अमुक वेळी. पण पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते. अमावास्येला बारावरून निघालेले चक्र तर पुन्हा बारावर यायला हवे. पाऊण तास कोठे गेला? एवढे चालायचेच, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी म्हणतो, बाकी उरली म्हणजे सूत्रात काही घालायचे राहिले.

ते घालण्याची रीत विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८६७च्या सुमारास बसवली. भरती ही अनेक ठेक्यांची बेरीज. चंद्राचा मुख्य ठेका १२ तास २५ मिनिटांचा, सूर्याचा बरोबर १२ तासांचा, शिवाय दिवसातून एकदाच पडणारे निराळे. हे ठेके आकाशाने ठरवलेले. बंदर बदलले म्हणून ते बदलत नाहीत. बदलते ते एवढेच, की प्रत्येक ठेक्याचा जोर तेथे किती आणि तो किती उशिराने पोचतो. हे कोणत्याही ग्रंथात सापडत नाही. पाण्याची उंची सतत नोंदूनच काढावे लागते. मुंबईच्या अपोलो बंदरावर अशी नोंद १८७८ पासूनची आहे. १८७९ साली हिंदुस्थानच्या बंदरांसाठी २० ठेक्यांची बेरीज करणारे चाकांचे यंत्र तयार झाले; आकडेमोड एडवर्ड रॉबर्ट्स यांची.

आता खरी मेख. चंद्राचा आणि सूर्याचा ठेका इतके जवळ आहेत की आठवड्याच्या नोंदीत ते वेगळे ओळखता येत नाहीत. दोघांची गाठ पडते तेव्हा उधाण, फारकत होते तेव्हा भांग. आणि उधाणापासून उधाणापर्यंत जवळजवळ पावणेपंधरा दिवस जातात. त्याहून आखूड नोंद घेतलीत, तर गणित बिनचूक असूनही भलताच समुद्र हाती येईल.

हे मी पुस्तकात वाचले त्याआधी भोगले होते. १९९६ साली खाडीकाठच्या एका धक्क्यावर मालकाने आठ दिवसांचे काम मोजून रोजचा टनांचा आकडा ठरवला. ते आठ दिवस उधाणाचे. पुढे भांग लागली, भरलेले बार्ज खाडीत वर येईनात, आकडा पडला, आणि ‘कामगार हात आखडतात’ म्हणून मजुरी कापली. आमचा एक मुकादम हजेरीचे पुस्तक काटेकोर ठेवी. सहा आठवड्यांची पाने भरतीच्या छापील कोष्टकाशेजारी मांडली. काम पाण्याबरोबर चढत होते, पाण्याबरोबर उतरत होते.

तरीही काही दिवस जुळेनात. एक दिवस वादळी हवेचा निघाला. हवेचा दाब १ मिलिबारने उतरला की समुद्र सुमारे १ सेंटिमीटर चढतो, त्यात वारा; कोष्टकात हे नसते. दोन दिवस मात्र पाणी भरपूर आणि काम निम्मे. मालकाच्या माणसाने नेमके त्यांवर बोट ठेवले. आमच्यातले काहीजण म्हणाले, तेही वाऱ्यावर ढकलू. मी नको म्हटले. त्या दोन दिवशी आमचीच अर्धी माणसे गावच्या जत्रेला गेली होती. ते कबूल केले, त्या दोन दिवसांची कपात सोसली, आणि बाकीच्या कापलेल्या मजुरीसाठी भांडलो. ती मिळाली, पण खोळंब्याचा भत्ता मंजूर व्हायला आणखी तीन पावसाळे गेले.