१४ एप्रिल : जयंती आणि बंब
(सांगलीतल्या तरुणांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



१४ एप्रिलला आपण बाबासाहेबांची जयंती करतो. त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? मी मॅट्रिक झालेला गोदीतला हमाल. ही तारीख आमच्या गोदीची आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकात ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं. पोटात कापसाच्या गाठी आणि जोडीला दारूगोळा. विझवायला गेलेले ६६ जवान मेले. त्यांचा आकडा पक्का आहे. ओझी वाहणाऱ्यांचा आकडा मात्र पुस्तकागणिक बदलतो. कष्टकऱ्याचं मरणसुद्धा अंदाजपंचे!

तुम्ही म्हणाल, बंबाचा आणि चळवळीचा काय संबंध? सांगतो. संकटात माणसाला माणसाचा हात लागतो. आणि या देशात हात लावायचा की नाही, हे जात ठरवत आली. शेजारच्या साताऱ्यात भीमराव शाळेत होते. १९०१ साली भावंडांबरोबर वडिलांकडे गोरेगावला निघाले, मसूर स्टेशनवर उतरले. विटाळाच्या भीतीनं गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं मोजलं आणि बैल पोरांनीच हाकले. रात्रभर घसा कोरडा, पाण्याचा थेंब नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्याच लिखाणात काठेवाडची एक बाळंतीण आहे. डॉक्टर आला, पण शिवला नाही. थर्मामीटर तिसऱ्याच्या हातून दिला. बाई मेली.

बंबवाल्याची नोकरीच अशी, की आत कोण जळतंय हे विचारायला वेळ नाही. पण बंब आपल्या दारात पोचला पाहिजे ना! बोळ चार फुटांचा, बंब आठ फुटांचा. रस्ता कुणाच्या वाड्यापर्यंत करायचा आणि कुठं थांबवायचा, हे कोण ठरवतं? घटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नगरपालिकांचं काम म्हणून लिहिलंय. ग्रामपंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत ते नाहीच. म्हणजे फडावरची ऊसतोड्यांची पाचटाची खोपी पेटली, की तालुक्याच्या गावाकडं नाहीतर साखर कारखान्याच्या बंबाकडं डोळे लावून बसायचं. पाचट तोवर थांबतं व्हय?

आता कृष्णामाईकडं बघा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. १७ जण गेले. माणसं का कोंबली गेली? कारण दुसरी बोट कधी येईल, याचा भरवसा नव्हता. याला नदीचा कोप म्हणायचं आणि मोकळं व्हायचं? मी नाही म्हणणार.

आणि गटार. चेंबरमध्ये आपलाच माणूस उतरतो. गॅसनं पडतो. त्याला काढायला आपलाच दुसरा उडी टाकतो, तोही जातो. मग बंबवाले श्वसनयंत्र लावून प्रेतं वर काढतात. जे यंत्र प्रेत काढायला आहे, ते जिता असताना कुठं होतं? २०१३ च्या कायद्यानं तसं उतरवणंच गुन्हा आहे. म्हणून उडी मारू नका. आधी १०१ फिरवा, आणि नंतर उतरवणाऱ्यावर गुन्हा दाखल करा.

नुसतं बोंबलून भागत नाही, शिकलंही पाहिजे. आमच्या धक्क्यावर एक गडी कोसळला, पंचवीस जण गोल करून उभे. एकच पोरगं गुडघ्यावर बसलं नि छाती दाबायला लागलं. गडी आज कामावर आहे. श्वास बंद पडला असेल तर १०८ ला फोन. २०१४ पासून ही गाडी डॉक्टरसकट येते. ती येईस्तोवर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी, दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं पाणी. टूथपेस्ट नको, शाई नको. अपघातातल्या माणसाला उचललं म्हणून पोलीस छळतील, ही भीती सोडा. मदत करणाऱ्याला २०१६ साली सुप्रीम कोर्टानं संरक्षण दिलंय.

येत्या जयंतीला डीजेचे पैसे थोडे बाजूला काढा. अग्निशमन केंद्रातल्या जवानांना वस्तीत बोलवा, पोरापोरींना शिकवायला लावा. आणि दुसऱ्या दिवशी मोर्चा घेऊन नगरपालिकेत जा : बंब आत शिरेल एवढा रस्ता द्या. पाणी आम्ही चवदार तळ्यावर मिळवलं. आता ते आगीपर्यंत पोचायला पाहिजे.

जयभीम!