बुडालेल्या गांवांतले आपले वाडवडील
(शेतकरी व बलुतेदार मंडळींपुढें एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



आपल्यापैकीं पुष्कळांना पणजोबाचें नांव सांगतां येतें, त्याच्या बापाचें येत नाहीं. राजेसरदारांच्या वंशावळी छापलेल्या मिळतात; नांगर धरणाराची आणि भाता ओढणाराची वंशावळ तीन पिढ्यांत संपते. आपल्या घराण्यांना पिढ्या नव्हत्या असें थोडेंच आहे? लेखणी आपल्या हातीं नव्हती. गांवचें दप्तर कुळकर्ण्याच्या घरीं, खतें सावकाराच्या पेटींत आणि वंशाची वही तीर्थाच्या उपाध्यायाजवळ. आपले लोक नाशिक-त्र्यंबकास जात, दक्षिणा देत, आणि आपल्याच बापआजांचीं नांवें दुसऱ्याच्या वहींत लिहवून परत येत. घरीं मात्र कागदाचें चिटोरें नाहीं.

गांव जागेवर असलें म्हणजे ही उणीव थोडीफार भरून निघते. शिवारांतल्या थळांना नांवें असतात: सुताराची पट्टी, कुंभारखाण, पाटलाचा मळा. नुसतें शिवार हिंडून आलें तरी कोण कोठें राबत होता तें कळतें. पारावर एखादा म्हातारा बसलेला असतो, त्याला कोणाच्या आजीचें माहेर कोठलें तें ठाऊक असतें. पण ज्यांचें गांवच धरणाखालीं गेलें, त्यांनीं कोणतें शिवार हिंडावें आणि कोणत्या पारावर बसावें? त्यांच्याविषयीं आज आम्ही बोलणार आहों. उदाहरणासाठीं मुळशीचें खोरें घेऊं. कारण आपल्या मुलखांत धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनीं मोठी झुंज प्रथम तेथें दिली.

पुणें जिल्ह्यांत पौडाच्या पश्चिमेस, ताम्हिणी घाटाच्या वाटेवर, मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यांत मावळ्यांचीं गांवें होतीं. भाताचीं खाचरें, डोंगरउतारावर नाचणी-वरी, असा संसार. मुंबईला वीज पाहिजे म्हणून टाटा कंपनीनें तेथें धरण बांधण्याचें ठरविलें, आणि १८९४ च्या भूमिसंपादनाच्या कायद्याचा बडगा सरकारनें तिच्या मदतीस दिला. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक 'सेनापति' म्हणूं लागले ते या लढ्यापासून. मावळे आणि मावळणी धरणाच्या कामावर जाऊन बसल्या, तुरुंगांत गेल्या. १९२४ पर्यंत लढा विझला. १९२७ सालीं घाटाखालीं भिऱ्याचें वीजघर चालू झालें, आणि सुमारें पन्नास गांवांना पाण्यानें गिळलें. कोणी वर सरकून काठावर राहिले, कोणी पुण्यामुंबईस मजुरीला लागले. आज त्याच काठावर शहरांतले धनिक बंगले बांधून पाण्याची शोभा पाहतात.

या लढ्यावर विनायकराव भुस्कुटे यांनीं पुस्तक लिहिलें. पुढें राजेंद्र व्होरा यांनीं संशोधन करून ग्रंथ लिहिला. त्यांतली एक गोष्ट घराण्याचा शोध करणारानें नीट ध्यानांत घ्यावी. खोऱ्यांतली पुष्कळशी जमीन लढ्याच्या आधींच पुण्याच्या सावकारांच्या नांवावर गेली होती. मावळा तीच जमीन कसत होता, पण कूळ म्हणून. सावकाराचें घर पुण्यास. त्याचा जीव मोबदल्याच्या आंकड्यांत अडकलेला. आंकडा मनाजोगता झाल्यावर त्याला भांडण्याचें कारण उरलें नाहीं. ज्याचें घर, खाचर आणि देव बुडाला, त्याचें नांव मालकाच्या रकान्यांत नव्हतें.

म्हणून आज एखाद्या नातवानें जिल्हा कचेरीच्या अभिलेख कक्षांतून भूसंपादनाचा निवाडा काढला, तर त्यांत त्याला आपला पणजा सांपडेलच असें नाहीं. तो बिचारा समजतो कीं आपण त्या गांवचे नव्हतोंच, घरचे म्हातारे उगाच सांगत होते. तसें समजूं नये. निवाडा हा पैसे वाटण्याचा कागद आहे. ज्याला पैसे मिळावयाचे त्याचेंच नांव त्यांत ठळक असणार. राबणाराची शिरगणती करण्यासाठीं तो कोणी लिहिला नाहीं.

घराणें शोधण्याच्या या खटाटोपाला रिकामपणाचा उद्योग म्हणून हंसणारे लोक आहेत. त्यांना आम्ही एक हिशेब दाखवितों. १९४८ सालीं कूळकायदा झाला, आणि पुढें त्यांत दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. कायद्याच्या अटींत बसणारा कूळ त्या दिवशीं कसत्या जमिनीचा मालक मानला गेला. ज्या मावळ्याचें गांव कोरडें राहिलें होतें, त्याच्या सातबाऱ्यावर पुढें नांव चढलें. बुडालेल्या खोऱ्यांतल्या कुळाजवळ त्या दिवशीं कसायला जमीनच नव्हती. ती तीस वर्षांपूर्वीं पाण्यांत गेली होती. दोन सख्ख्या भावांचे दोन नातू घ्या. एकाजवळ पांच एकर भात, दुसरा बिगारी. दुसऱ्याकडे बोट दाखवून लोक म्हणतात, याचे वाडवडील आळशी असतील. त्या नातवाला निदान उत्तर देतां यावें कीं नाहीं?

मग कूळ सांपडतो कोठें? बहुधा सावकाराच्याच कागदांत! १८७५ सालीं सुपें येथें आणि आसपास शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. त्या दंग्याची चौकशी होऊन १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा आला. पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस तो आरंभीं लागू झाला. शेतकऱ्यानें करून दिलेलें खत खेड्यांसाठीं नेमलेल्या रजिस्ट्रारापुढें झालें पाहिजे, असें बंधन त्या कायद्यानें घातलें. म्हणजे ज्या मावळ्यानें खाचर गहाण टाकलें, विकलें, किंवा आपल्याच जुन्या जमिनीची कबुलायत लिहून दिली, त्याचा कागद नोंदला गेला. अशा खतांत 'अमुक बिन तमुक, जात अमकी, धंदा शेती, वय वर्षें इतकीं, राहणार मौजे अमुक' एवढा मजकूर असतो. बापलेकांचीं दोन नांवें, वय आणि गांव एका ओळींत मिळालें, आणखी काय पाहिजे? अशीं दोन पिढ्यांचीं खतें हातीं आलीं तर तीन पिढ्या जुळतात. मात्र एक खूण ध्यानांत ठेवावी: 'लिहून घेणार' या शब्दांपुढें सावकार असतो. आपला माणूस 'लिहून देणार' या शब्दांपुढें पाहावा.

खताच्या तळाशीं सही नसते, निशाणी असते. कुणब्याची निशाणी नांगराची, बाईची बांगडीची, कारागिराची त्याच्या हत्याराची. आणि तिच्याशेजारीं 'दस्तूर' म्हणून ज्यानें ती निशाणी काढून दिली त्याचें नांव! नांगर धरणाराला कागदावरचा नांगरसुद्धां दुसऱ्यानें काढून द्यावा लागे. जोतीराव फुल्यांनीं शाळा कां काढल्या, तें असा एक कागद हातांत धरला कीं व्याख्यानावांचून समजतें.

हे कागद मोडींत असतात, आणि मोडी वाचणारे आतां हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति सरकारनें नेमली, तेव्हां मोडी वाचणारांना एकाएकीं मागणी आली. आपल्या पोरांपैकीं ज्यांना अक्षराची हौस आहे त्यांनीं मोडी शिकावी. वळणें एकदां डोळ्यांत बसलीं कीं भीति जाते. पूर्वीं हें काम एका जातीचें समजत. आतां तसें कोणी समजत असेल तर दोष त्याचाच.

बलुतेदारांची गत कुळापेक्षांही वाईट. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालच्या 'गांव-गाडा' या पुस्तकांत बलुत्याची रीत सविस्तर वर्णिली आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार यांचा हक्क खळ्यावर होता. पीक आलें कीं ठरलेल्या पेंढ्या, ठरलेलें धान्य. धरणानें खळेंच बुडविलें आणि गिऱ्हाइकें दहा दिशांना पांगलीं. कायदा पैसे देणार जमिनीला, घराला, झाडाला. गांवभरचे नांगर भरण्याची जी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती, तिला तो काय देणार? शेतकरी निदान दहा घरें मिळून एका जागीं गेला. लोहार एकटा. जेथें गेला तेथें आधींच एक लोहार होता.

त्या लोहाराच्या पणतवाचें आज काय अडतें तें ऐका. जातीचा दाखला काढावयास गेलें कीं जुना पुरावा मागतात. अनुसूचित जातींसाठीं १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा, विमुक्त व भटक्या जातींसाठीं २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वींचा, इतर मागासवर्गीयांसाठीं १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा. तारखेच्या आधीं आपलें घराणें या महाराष्ट्रांत कोठें रहात होतें तें दाखवा, असा सवाल. जमीन नाहीं म्हणून सातबारा नाहीं. गांव नाहीं म्हणून तलाठ्याचें दप्तर कोठें गेलें याचा पत्ता नाहीं. कॉलेजांत नांव लागलेला पोरगा कचेरीच्या पायऱ्या झिजवीत बसतो.

अशा घरांनीं मालकीचे कागद सोडून जन्ममृत्यूचे कागद धरावेत. गांव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यांत जन्मलेल्या मुलाच्या बापाचें नांव आणि जात लिहिलेली असते. जमीन असो वा नसो, पोर जन्मलें आणि म्हातारें मेलें याची वर्दी कोतवाल देतच असे. गांव बुडालें तरी जुनीं बुकें तालुक्याच्या अभिलेख कक्षांत पाहावयास मागावींत. कारकून 'नाहीं' म्हणाला तर तें लेखी मागावें. पुष्कळदां लेखी मागितलें कीं बुक सांपडतें. महार बांधवांच्या बाबतींत आणखी एक दप्तर आहे, तें वतनाचें. कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें १९५८ च्या कायद्यानें गेलीं, परंतु त्याआधींच्या वतनाच्या कागदांतून कुटुंबें आणि त्यांचे वारस यांचा माग लागतो.

दुसरें बुक आमच्या कपाटांतलें, शाळेचें जनरल रजिस्टर. मुलाचें नांव, जात, जन्मगांव, आधींची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचें कारण. हा शेवटचा रकाना कोणी पाहत नाहीं. कुटुंबानें गांव केव्हां सोडलें तें कधीं कधीं त्यांतल्या दोन शब्दांवरून कळतें. जुनी शाळा बंद झाली असेल तर तिचें रजिस्टर जवळच्या शाळेंत विचारावें. आणि ज्या शाळांत हीं रजिस्टरें वाळवी खात पडलीं आहेत, तेथल्या आमच्या बंधूंनीं तीं झटकून ठेवावींत. हें सांगण्याचा आम्हांला हक्क आहे, कारण तें काम आमचेंच आहे. अडचण इतकीच कीं त्या काळीं आपलीं मुलें शाळेंत थोडीं. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं मोफत व सक्तीचें प्राथमिक शिक्षण सुरू केलें. मावळांतल्या पोरांचें तसें भाग्य नव्हतें.

उपाध्यायाची वही पाहावी काय, असें आम्हांला पुष्कळ विचारतात. अवश्य पाहावी. ती आपल्याच दक्षिणेनें भरलेली आहे. नांवें उतरून घ्यावींत आणि घरीं यावें. त्यासाठीं श्राद्ध घातलेंच पाहिजे असें नाहीं. दक्षिण महाराष्ट्रांत हेळवी येतो, त्याच्या वहींतही पिढ्या असतात. तो दारीं आला तर पसाभर धान्य देऊन वाटेला लावूं नये. शेजारीं बसून लिहून घ्यावें.

उन्हाळ्यांत उजनीचें पाणी उतरलें कीं पळसदेवचें जुनें देऊळ उघडें पडतें आणि लोक होड्या करून तें पाहावयास जातात. देऊळ पाहावें, त्याला आमची ना नाहीं. पण तेथें गेलेल्यांपैकीं किती जणांनीं देवळाशेजारीं कोणाचीं घरें होतीं हें विचारलें?

शेवटची गोष्ट बायांची. वर सांगितलेल्या कागदांत त्या जवळजवळ नाहींत. वंशावळ बापाकडून लेकाकडे जाते. लेक सासरीं गेली कीं तिचें नांव पुसलें. पण गांव बायांच्या तोंडीं राहतें. जात्यावर बसलेली बाई माहेरची वाट, भावाचें शेत, नदीचा उतार, देवीचें ठाणें यांवर ओव्या गाते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनीं गेल्या शतकाच्या शेवटीं मुळशी-मावळच्या डोंगरांतून आणि पुढें इतर मुलखांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणारणीचें नांव आणि गांव त्यांनीं टिपून ठेवलें. जिच्या नांवाचा सातबारा कधींच नव्हता, तिचें नांव असें कागदावर आलें.

तेव्हां कचेरी उद्यां गांठा, ती कोठें पळत नाहीं. घरांत ऐंशीच्या पुढची आजी असेल तर आधीं तिच्याजवळ बसा. 'आपण कोण, कोठले' असें एकदम विचारूं नका. ती म्हणेल, मला काय ठाऊक. पाणी कोठून आणीत असां, दळण कोणाकडे, जत्रेला कोणत्या वाटेनें जात असां, बाळंतपणाला कोण आली, घोंगडी कोणी विणली, मडकीं कोणाच्या आव्याचीं, असें विचारा. कुंभाराचें नांव निघेल, मग त्याच्या भावाचें, मग भाऊ कोणत्या गांवीं गेला तें. दर नांवापुढें गांव लिहा, आणि सांगणारीचें नांव वर लिहा. वही शाळेंत आणून दिलीत तर आम्ही दुसरी प्रत काढून ठेवूं. एक तुमच्या घरीं, एक आमच्या कपाटांत.