पायाखालचा वायू, चुलीपुढचा धूर



गवंडी, आरोग्यसेविका, डॉक्टर आणि विज्ञानशिक्षक किन्हीराजा गावात एका मांडवाखाली बसले आहेत, याचं मला फार अप्रूप वाटतं. घराच्या हवेचा प्रश्न तुमच्यापैकी एकट्यादुकट्याला सुटण्यासारखा नाही. म्हणून थेट विचारतो: घरातला रेडॉन कमी करायला खर्च किती, आणि पदरात काय पडतं?

या वायूला रंग नाही, वास नाही. खडकातल्या युरेनियमपासून रेडियम होतं, रेडियमपासून हा. अर्धायुष्य ३.८ दिवसांचं. तेवढ्या अवधीत तो जमिनीच्या भेगांतून वर येतो, बंद खोलीत साठतो. त्यातून निपजणारे पोलोनियमचे कण श्वासाबरोबर फुप्फुसात चिकटतात आणि तिथे अल्फा कण सोडतात. १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस या अभियंत्यामुळे किरणोत्साराची घंटा वाजू लागली. शोध घेतला तेव्हा कळलं, की तो किरणोत्सार केंद्रातून घरी नेत नव्हता, घरातून केंद्रात आणत होता.

आपल्याकडची मुलं आज अमेरिकेत घर घेतात तेव्हा रेडॉन तपासून घेतात. जास्त निघाला तर फरशीखाली पाइप घालून पंख्याने ती हवा छपरावर सोडतात. खर्च साधारण हजार-दोन हजार डॉलर, म्हणजे आपले साधारण लाख ते पावणेदोन लाख रुपये. पाया भरतानाच पाइप टाकला तर पुष्कळ कमी.

आता लाभ. युरोपातल्या १३ अभ्यासांचा एकत्र हिशेब २००५ साली मांडला गेला. दर घनमीटर हवेत रेडॉन शून्य, १०० आणि ४०० बेकरेल (हे किरणोत्साराचं एकक) धरला, तर बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या हजार माणसांत पंचाहत्तरीपर्यंत फुप्फुसाच्या कर्करोगाने अनुक्रमे सुमारे ४, ५ आणि ७ मृत्यू. सिगारेट ओढणाऱ्यांत १०१, ११६ आणि १६०. हे आकडे मला अनेक रात्री छळत राहिले. ज्या घरात धूम्रपान चालतं तिथेच रेडॉनचा घाव सर्वांत खोल, आणि तिथला सर्वांत मोठा लाभ बिडी-सिगारेट सोडून, एक पैसाही न खर्चता मिळणारा.

आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पत्थर आहे. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम सहसा दहा लाख भागांत तीन-चार भाग, बेसाल्टमध्ये एखादा भाग किंवा त्याहूनही कमी. म्हणून आपल्या मालेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याला रेडॉनच्या भीतीने लाख रुपयांचा पंखा बसवायला सांगणं मला अन्याय्य वाटतं. पूर्व विदर्भातल्या ग्रॅनाइट-नाइसच्या पट्ट्यात मी हे इतक्या ठामपणे म्हणणार नाही.

त्याच शेतकऱ्याच्या घरात पऱ्हाटी, तुराट्या आणि गोवऱ्यांवर भाकरी भाजली जाते. चूल आणि शेगडीच्या घरगुती धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. उज्ज्वला योजना २०१६ पासून आहे, पण सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसले की चूल पेटतेच. रेडॉनवरचे लाख रुपये अशा घरांच्या सिलिंडरला आणि धुराड्याला लावले, तर कितीतरी माउल्यांची छाती मोकळी होईल.

तरी मोजणी मात्र करू या. मातीच्या, कौलारू घरातली हवा वाहती होती. आता स्लॅब आला, खिडक्या घट्ट झाल्या, हिवाळ्यात दारं बंद. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी देशभरातल्या घरांत प्लास्टिक फिल्म लावून रेडॉन मोजला आहे. अल्फा कणांचे ओरखडे त्या फिल्मवर उमटतात आणि ते मोजता येतात. शिक्षकांनो, गावातली दहा घरं निवडा, पाच जुनी, पाच स्लॅबची. फिल्म जमिनीलगतच्या, झोपायच्या खोलीत टांगा, तीन महिने हिवाळ्यात, तीन उन्हाळ्यात. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस १०० बेकरेलची, आणि ते जमलंच नाही तरी ३०० च्या वर नको. एखादं घर त्यापलीकडे गेलं, तर त्या घराच्या फरशीच्या भेगा आधी बुजवू, खिडकी उघडू, आणि पाइपाचा खर्च कोणी करायचा ते पुढच्या बैठकीत याच मांडवात ठरवू.